बुधवारची पंगत: मंडळीतल्या एका जेवणाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात बुधवार हा वशाटाचा वार. सोमवार-मंगळवार पाळून झालेले असतात, गुरुवार पुन्हा पाळायचा असतो. त्यामुळे बुधवारी मटणाच्या दुकानापुढे गर्दी होते, आणि दिवेलागणीला गल्लीत शिरलं की कुणाच्या घरी कांदा परततोय आणि कुणाच्या घरी खोबरं भाजतंय हे नाकच सांगतं. याच वारी साडेसातच्या सुमारास शहरातल्या काही ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये डबे येतात. छोटी प्रार्थना, मग जेवण, मग तासभर बोलणं. कुणी त्याला प्रीतिभोजन म्हणतं, कुणी फेलोशिप. तरुण संघातली पोरं सरळ पॉटलक म्हणतात. आमच्या मंडळीतल्या एक आजी मात्र अजून 'बुधवारची मिटिंग' असंच म्हणतात. त्यांच्या लेखी जेवण हे मागून आलेलं आहे. आजींचं बरोबर आहे.

या जेवणाचं नाव काय असावं आणि टेबलावर रस्सा यावा की नाही, यावरून मंडळीत बरीच बोलाचाली झाली. बाहेरच्याला ती किरकोळ वाटेल. पण या शहरात कोण कुणाच्या हातचं खातो हा प्रश्न कधीच किरकोळ नव्हता, आणि मंडळीच्या इतिहासातही तो तसा नव्हता. म्हणून मागचं थोडं सांगायला हवं.

अगदी सुरुवातीचं फार लांबवत नाही. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या अखेरच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा उपासनेतला विधी, आणि तो या जेवणापेक्षा वेगळा. एवढंच लक्षात घ्यायचं की पहिल्या पिढीत ही वाटणी नव्हती. 'घरोघरी भाकर मोडून' जेवणं आणि प्रभूची आठवण करणं एकाच बैठकीत व्हायचं. घोटाळाही तिथेच झाला. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने इसवी सन ५५ च्या सुमारास जे खडसावलं, त्याला मराठीत अचूक शब्द आहे: पंक्तिप्रपंच. ज्याच्याकडे आहे तो आधी येऊन आपलं खाऊन-पिऊन मोकळा होतो, आणि राबून उशिरा येणारा उपाशी राहतो. त्याच्याही आधी अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र विदेश्यांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीला बसत होता, पण यरुशलेमेकडची माणसं आल्यावर उठून वेगळा झाला. पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला हा प्रसंग पुण्या-कोल्हापुरात घडला असता, तर आपण त्याला ग्रामण्य, म्हणजे जातीच्या नियमांवरून उठलेला बहिष्काराचा वाद, म्हटलं असतं.

पुढे इसवी सन ११२ च्या आसपास आशिया मायनरमधल्या एका रोमन अधिकाऱ्याने सम्राटाला लिहिलं की हे लोक पहाटे जमून गीत म्हणतात आणि नंतर पुन्हा जेवायला जमतात, जेवणही साधंच असतं. सगळ्या संघटनांवर बंदी आल्यावर त्यांनी ते जमणं सोडलं, असंही त्यात आहे. आणखी शंभरेक वर्षांनी उत्तर आफ्रिकेतला एक लेखक वर्णन करतो: आधी प्रार्थना, भुकेपुरतं खाणं, मग हात धुऊन दिवे लावायचे आणि ज्याला येईल त्याने गायचं. आमच्या बुधवारचा क्रम याहून फारसा वेगळा नाही. चौथ्या शतकात लावदिकियाच्या धर्मसभेने मात्र देवळात अशी जेवणं घालायला आणि बसायला आसनं मांडायला मनाई केली. हॉल आणि उपासनागृह वेगळं असावं हा आपल्याकडच्या वडीलजनांचा, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांचा, आग्रह त्यांनी कुठून घेतला माहीत नाही, पण तो नवा नाही.

वाराची गोष्ट याहून मजेदार आहे. मंडळीच्या सर्वांत जुन्या नियमपुस्तिकांपैकी एक, 'दिदाखे', विश्वासणाऱ्यांना सांगते की बुधवारी आणि शुक्रवारी उपास करा. पुढे त्याचं कारण असं जोडलं गेलं की यहूदा इस्कर्योताने बुधवारी सौदा ठरवला आणि शुक्रवारी प्रभू वधस्तंभावर गेला. म्हणजे जुन्या मंडळीचा उपासाचा वार आणि कोल्हापूरकरांचा रश्शाचा वार एकच. हा योग कुणी जुळवून आणला नाही, पण आमच्याकडच्या वादात दोन्ही बाजूंनी तो वापरून झाला आहे.

मग बुधवार आपल्याकडे आला कुठून? उपासातून नव्हे, प्रार्थनासभेतून. अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारच्या उपासनेखेरीज आठवड्याच्या मध्यावर एक सभा घ्यायची चाल होती. २३ सप्टेंबर १८५७ रोजी, बुधवारी दुपारी, न्यूयॉर्कमध्ये एका साध्या माणसाने प्रार्थनेला बोलावलं. आली सहा माणसं. काही महिन्यांत अशा सभा शहराशहरांत भरू लागल्या आणि मधल्या वारच्या सभेला वजन आलं. जेवणाचा धागा वेगळ्याच ठिकाणचा. जर्मनीतल्या हेर्नहूट गावात १७२७ मध्ये मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी जुनं प्रीतिभोजन पुन्हा सुरू केलं. त्यांच्याकडून ते मेथॉडिस्टांनी घेतलं. पाव किंवा बन, पाण्याचा नाहीतर चहाचा पेला, आणि प्रत्येकाने आपला अनुभव सांगायचा, इतकंच. कोल्हापुरात १८५२ मध्ये आलेलं अमेरिकन मिशनरी कुटुंब प्रेस्बिटेरियन वळणाचं होतं. त्यांच्या सामानात प्रार्थनासभा होती, प्रीतिभोजन नव्हतं.

आणि असतं तरी ते घालायचं कसं, हा प्रश्नच होता. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात जात ओळखायची ती रोटीव्यवहारावरून आणि बेटीव्यवहारावरून. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचा रोटीव्यवहार त्या दिवशी तुटायचा. वसईकडे विहिरीत पाव टाकून अख्खा गाव बाटवल्याची गोष्ट आजही सांगितली जाते. ती किती खरी हा भाग निराळा, पण 'पाव खाल्ला' म्हणजे 'बाटला' हे समीकरण मराठीत पक्कं होतं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली म्हणून केवढं वादळ उठलं, हे सर्वांना ठाऊक आहे. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताला सामोरं जावं लागलं. एका कपाची ही कथा, तर पंगतीचं काय झालं असतं.

हा अडथळा फक्त बाहेरून होता असं मात्र नाही. मंडळीच्या आतही वेगवेगळ्या जातींतून आलेली माणसं आपोआप एका ताटाशी बसली नाहीत. मदुरैच्या अमेरिकन मिशनने १८४० च्या दशकात त्यावर जालीम उपाय काढला. मिशनच्या नोकरीतल्या ख्रिस्ती लोकांना प्रीतिभोजनाला बोलवायचं, खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीच्या स्वयंपाक्याच्या हातचं पुढे ठेवायचं, आणि जो खाणार नाही त्याला कमी करायचं. प्रीतिभोजन म्हणजे जातीची परीक्षा. प्रेमाचं जेवण सक्तीने घातलेलं याहून विचित्र उदाहरण मला माहीत नाही. पण त्यांना जे दिसत होतं ते खोटं नव्हतं.

इथे शब्दाचा गुंता सुरू होतो, आणि थोडा वेळ त्यातच घालवतो, कारण आमच्याकडचं भांडण अर्धं शब्दांचं आहे.

'प्रीतिभोजन' हा बायबलमधला शब्द. यहूदाच्या (हा इस्कर्योत नव्हे, दुसरा) पत्रात तो येतो, आणि येतो तो रागावलेल्या वाक्यात: तुमच्या प्रीतिभोजनांत बेधडक बसून आपलंच पोट भरणारे हे लोक, अशा अर्थाने. नंतर मंडळ्यांत त्याला सणाचा रंग चढला. नाताळ, हंगामाचा सण, मंडळीचा वर्धापनदिन, पाळकसाहेबांचा निरोप, यांच्या पत्रिकेवर शेवटची ओळ 'प्रीतिभोजनाने सांगता' अशी असते. त्या जेवणाला वर्गणी असते, आचारी असतो, मोठी पातेली असतात. बुधवारी यातलं काहीच नसतं. म्हणून जुन्या लोकांना बुधवारच्या डब्यांना प्रीतिभोजन म्हणणं म्हणजे रोजच्या वरणाला पुरणपोळी म्हणण्यासारखं वाटतं.

'स्नेहभोजन' हा शब्द नको, यावर सर्वांचं एकमत. तो सोसायटीच्या वार्षिक सभेचा आणि निवृत्तीच्या कार्यक्रमाचा शब्द झाला आहे.

'सहभोजन' सुचवणारे दोघेतिघे होते आणि त्यांचं म्हणणं वजनदार होतं. हा शब्द महाराष्ट्रात मुद्दाम घडवलेल्या कृतीचा आहे. रत्नागिरीत १९३० च्या दशकात झालेली सहभोजनं, पुढची झुणका-भाकर सहभोजनं, या सगळ्यांत कोण कुणाशेजारी बसला हे वर्तमानपत्रात छापून यायचं, कारण छापून येण्यासाठीच ते व्हायचं. कोल्हापूरची आठवण तर आणखी जवळची. गंगाराम कांबळे यांनी या शहरात हॉटेल काढलं, तेव्हा दलिताच्या हातचा चहा कोण पिणार हा प्रश्न होता. शाहू महाराजांनी स्वतः तिथे चहा घेतला आणि सोबतच्यांनाही पाजला. मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांना राजपूतवाडीच्या कॅम्पवर जेवायला येण्याचं आमंत्रण भर सभेत दिलं. महाराजांना अन्नाचं राजकारण पक्कं समजत होतं. वेदोक्त विधींचा हक्क नाकारला गेला तेव्हापासून त्यांनी ते भोगलंही होतं. 'सहभोजन' म्हटलं की हे सगळं सोबत येतं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं की सहभोजन हा वेगवेगळ्यांनी एकत्र येण्याचा शब्द आहे. आपण वेगवेगळे आहोत असं दर बुधवारी का जाहीर करायचं? हा मुद्दा ऐकायला गोड आहे, पण मला तो तेव्हाही पटला नव्हता. मंडळीतला रोटीव्यवहार कधीच मोकळा झाला. बेटीव्यवहाराच्या वेळी मूळ गाव आणि आडनाव अजून विचारलं जातं, हे लग्न जमवणाऱ्या कुठल्याही मावशीला विचारा.

उरले दोन देशी शब्द. 'अंगतपंगत' सर्वांच्या तोंडातला. शाळेत, शेतावर, रंकाळ्यावर आपापला डबा घेऊन गोल बसायचं. पॉटलकला हाच प्रतिशब्द, असं सहज म्हटलं जातं. पण जरा थांबा. अंगतपंगतीत डबा ज्याचा त्याचाच राहतो. देवाणघेवाण होते, पण मैत्रीखात्यावर. ज्याचं नको त्याचं न घेताही शेजारी बसता येतं. जातपात पाळणाऱ्या काळातही अंगतपंगत चालू शकत होती, ती यामुळेच. याच्या अगदी उलट 'काला'. गोपाळकाल्यात सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवतात, पेंद्याची शिळी भाकरी आणि बाकीच्यांचं दही-दूध एकाच घासात येतं. कुणी काय आणलं ते ओळखू येत नाही, हेच त्याचं मर्म. आमच्याकडे एका तरुणाने 'काला' हा शब्द सुचवला आणि सभेत क्षणभर शांतता पसरली. तो वारकऱ्यांचा शब्द, देवळातला शब्द, असं दोघातिघांनी म्हटलं. खरं तर रेव्हरंड ना. वा. टिळकांपासून ख्रिस्ती भजन आणि कीर्तन याच वाटेने आलं. अभंग आपण टाळ घेऊन म्हणतो, त्यात कुणाला काही खटकत नाही. गायला चालतं ते जेवायला का चालू नये, याला उत्तर मिळालं नाही. शब्दही मंजूर झाला नाही.

इंग्रजी 'पॉटलक'चा मूळ अर्थही जाता जाता सांगायला हवा. अवचित आलेल्या पाहुण्याला भांड्यात जे असेल ते वाढायचं, असा तो जुना अर्थ. म्हणजे आपली 'या, मीठ-भाकर खाऊन जा'. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, हा अर्थ नंतर अमेरिकेत चिकटला. तिथल्या चर्चच्या तळघरातले हॉल, लांब टेबलं आणि बुधवारचं सपर हे विसाव्या शतकातलं प्रकरण. ते आपल्याकडे आलं तेही सरळ आलं नाही.

मिशनच्या काळात सामुदायिक जेवण होतं ते बोर्डिंगात. १८७६ ते ७८ आणि त्या शतकाच्या अखेरीच्या दुष्काळांनी महाराष्ट्रातल्या मिशनांच्या वसतिगृहांत पोरकी मुलं आणली, आणि एका पंगतीत जेवायची पहिली सवय त्या मुलांना लागली. कोल्हापूर, कोडोली, मिरज, सांगली, इस्लामपूर या पट्ट्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांच्या आठवणीत बोर्डिंगची आमटी आहे. तिचं वर्णन कुणी आवडीने करत नाही. पुढे १९२४ मध्ये उत्तर भारतातल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांचं ऐक्य झालं. त्यातून कोल्हापूर भागात मालमत्तेचे आणि अधिकाराचे जे तंटे उभे राहिले, त्यांत शिरण्याची ही जागा नव्हे. इथे एवढंच की त्या काळातही बुधवार कोरडाच होता. दहाबारा माणसं, उपासना संगीतातली दोन गीतं, एक लांबलचक प्रार्थना आणि शेवटी, कुणाच्या घरी सभा असेल तर, चहा. घरसभेतला तो चहाच आजच्या जेवणाचा खरा पूर्वज, असं मी मानतो. चहाबरोबर पोहे आले, पोह्यांबरोबर चढाओढ आली. मग एका घरावर भार नको म्हणून 'प्रत्येकाने थोडं थोडं' आलं.

१९९० नंतर दोन गोष्टींनी ताण वाढवला. शहरात आणि खेड्यापाड्यांत स्वतंत्र प्रार्थनागट उभे राहिले. त्यांच्या सभा मोठ्या, गाणी जोरदार, आणि मधल्या वारी उपास-प्रार्थना. आमच्या बुधवारची माणसं तिकडे जाऊ लागली. दुसरीकडे, आधी जेवण, मग छोटं भाषण, मग टेबलाभोवती मोकळी चर्चा, हा साचा बाहेरून आला. लंडनच्या एका मंडळीत १९७७ मध्ये सुरू झालेला आणि १९९० नंतर जगभर पसरलेला हा अभ्यासक्रम भारतातही पोचला होता. त्यातली हुशारी अशी की प्रश्न विचारणाऱ्याला आधी जेवायला घालतात. भरल्या पोटी माणूस कमी चिडतो. आमच्या मंडळीने अभ्यासक्रम घेतला नाही, क्रम तेवढा घेतला.

बोलण्याचा भाग कसा बदलला, त्यावर कुणी फारसं लिहिलेलं नाही. जुन्या सभेत पाळकसाहेब बोलायचे आणि बाकीचे 'आमेन' म्हणायचे. जेवणाच्या टेबलावर ते जमेना. हातात भाकरीचा तुकडा असलेल्या माणसाला उभं राहून प्रवचन करता येत नाही. आठदहा जणांचे गट पडले, गटाला एक प्रश्न. सुरुवातीला प्रश्न शास्त्रातले असत. हळूहळू पोराचं शिक्षण, ऊस कारखान्यातली थकलेली देणी, दवाखान्याची बिलं, सासू, असं सगळं यायला लागलं. काही वडीलजनांना हे प्रार्थनासभेचं पतन वाटलं. रविवारी तोंड न उघडणाऱ्या बायका बुधवारी बोलायला लागल्या, हेही त्यांनीच पहिल्यांदा नोंदवलं, तक्रार म्हणून.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि शहराचा संपर्क काही दिवस तुटला. दूध, पेट्रोल, भाजी, सगळ्याची टंचाई. शहरभर तालमी, मंडळं, शाळा, सगळीकडे चुली पेटल्या, तशी आमच्या हॉलमध्येही पेटली. त्या आठवड्यात कुणी कुणाला नाव विचारलं नाही, व्हेज-नॉनव्हेज विचारलं नाही. पिठलं-भात होता, तो गेला. पाणी उतरल्यावर जी पातेली हॉलमध्ये राहिली ती पुढे बुधवारला कामी आली. त्याआधी जेवण महिन्यातून एकदा व्हायचं, ते दर आठवड्याला होऊ लागलं.

सहा-सात महिनेच. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. बुधवार मोबाइलवर गेला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. मधे जुलै २०२१ चा पूर होऊन गेला. उपासना लगेच सुरू झाल्या, पण एका डावाने वाढलेलं जेवण परत यायला बराच वेळ लागला. आलं तेव्हा नियम घेऊन आलं: ताट-वाटी घरून आणायची, डबा ज्याचा त्याने उघडायचा, वाढायचं नाही. सोय म्हणून केलेला नियम. पण त्याने काला मोडून अंगतपंगत आणली. आपापली घरं आपापल्या डब्यांभोवती बसू लागली. कुणाच्या डब्यात सुक्कं आणि कुणाच्या डब्यात कालची भाजी, हे शेजारच्याला दिसू लागलं. एक विधवा बाई, चार घरची धुणीभांडी करून येणारी, तीन बुधवार आल्या नाहीत. विचारल्यावर म्हणाल्या, "बुधवारी माझ्या डब्याला झाकणच बरं दिसतंय."

वादाचं मूळ हे. मंडळीच्या समितीने यावर जो निर्णय घेतला तो असा: बुधवारी फक्त शाकाहारी पदार्थ आणावेत. कारणं तीन दिली. खर्चाची बरोबरी राहील. कुतूहलाने येणाऱ्या शेजारच्या पाहुण्यांना अवघडायला होणार नाही. आणि पौलानेच म्हटलं आहे की माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी मांस खाणार नाही. कागदावर निर्णय समंजस होता, यात शंका नाही.

पण तो कोल्हापुरात घेतला होता, आणि बुधवारी. विरोध जेवढा जिभेचा वाटला तेवढा नव्हता. एका निवृत्त शिक्षकांनी सभेत जे मांडलं त्याचा आशय असा: आमच्या आजोबांना गावच्या पंगतीबाहेर बसवलं ते ते काय खातात यावरून. ताट शुद्ध करायची भाषा आम्ही एकदा ऐकलेली आहे. मंडळीत आलो ते ती भाषा मागे टाकून. आता पाहुण्यांच्या सोयीसाठी ती आमच्याच हॉलमध्ये का? शाकाहार म्हणजे कुणालाच न खटकणारी मधली जागा, हे समीकरण त्यांना मान्य नव्हतं. पौलाचं वचन बरोबर आहे, पण पौलाने पेत्राला अंत्युखियात झापलं तेही बरोबर आहे, असं ते म्हणाले. मला त्यांचं पटलं. समितीतल्या लोकांना खलनायक ठरवायचं कारण नाही. त्यांच्यापैकी दोघांच्या घरी दर बुधवारी तांबडा-पांढरा होतो, आणि त्या निर्णयाने त्यांचाच सर्वांत जास्त तोटा होणार होता.

तिसरी बाजू महिला मंडळाची होती, आणि ती सर्वांत उशिरा ऐकली गेली. त्यांचं म्हणणं, व्हेज की नॉनव्हेज हे पुरुष ठरवतायत, करतंय कोण? बँकेतून, शाळेतून, दवाखान्यातून सहाला सुटलेल्या बाईने साडेसातला पंधरा माणसांना पुरेल असा पदार्थ घेऊन यायचं, हेच मुळात चुकीचं आहे. पार्सल आणलं तर नाक मुरडायचं नाही, असा ठराव आधी करा. आणि मटण शिजवायचंच असेल तर ते पुरुषांनी शिजवावं. रस्सा मंडळात रानात तीन दगडांवर मस्त शिजवता की! हा टोला अचूक लागला. कोल्हापूरच्या रस्सा मंडळांत बापे माणसंच वाटण वाटतात, हे नाकारणार कोण?

शेवटी जे ठरलं ते तडजोडीचं. डबे घरून, पण हॉलमध्ये आल्यावर सगळे लांब टेबलावर ओतायचे, घरचा डबा घरच्यापुढे ठेवायचा नाही. वाढायला दर आठवड्याला वेगळं घर. वशाट महिन्यातून एकदाच, शेवटच्या बुधवारी. ते घरून आणायचं नाही, सामाईक वर्गणीतून एकाच पातेल्यात तरुण संघाने करायचं. त्याच दिवशी आमटीचं दुसरं पातेलं तेवढ्याच मापाचं. वर्गणी डब्यात गुपचूप टाकायची, पावती नाही. पार्सलविषयी ठराव झाला नाही, पण नाक मुरडणं कमी झालं आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाई परत येऊ लागल्या. त्यांच्या खरड्याला आता मागणी आहे, हे नमूद करायला हरकत नाही. नावाचा प्रश्न इतिवृत्तात 'पुढील सभेत' असा लिहून ठेवलेला आहे आणि चार सभा होऊन गेल्या.

मधल्या काळात नवी शंका निघाली ती उपवासकाळाची. राखेच्या बुधवारपासून उत्तम शुक्रवारपर्यंतच्या बुधवारी पंगत ठेवायची की नाही? जुन्या नियमाने तो दुहेरी उपासाचा काळ. आजींनी सुचवलं की मिटिंग ठेवा, जेवण नको, पहिल्यासारखं. तरुणांचं म्हणणं, जेवण बंद केलं की माणसंही बंद होतात. यंदा असं ठरलं आहे की तेवढे बुधवार कुणी डबा आणायचा नाही, हॉलमध्येच एका पातेल्यात पिठलं करायचं आणि वाचलेले पैसे वेगळे ठेवायचे. भाकऱ्या तेवढ्या घरून आणायच्या, कारण हॉलच्या शेगडीला दोनच बर्नर आहेत. सूचनेच्या फलकावर आधी 'प्रत्येकीने चार भाकऱ्या आणाव्यात' असं लिहिलं होतं. कुणीतरी खडूने ते खोडून 'प्रत्येक घराने' असं केलं आहे.